गुप्त ओळख (सुपरहिरो कॉमिक्स)

गुप्त ओळख ही सुपरहिरो कॉमिक्समधील एक कथारूढी आहे. तीत नायक मुखवटा, वेश वा बदललेल्या वागणुकीच्या आधारे आपले खरे नाव व खासगी जीवन जगापासून लपवतो.

उगम
ही कल्पना कॉमिक्सहून जुनी आहे. बॅरोनेस ऑर्झी यांच्या 'द स्कार्लेट पिंपर्नेल' (१९०५) या कादंबरीचा नायक आणि जॉन्स्टन मॅककली यांचा झोरो (१९१९) हे दोघेही ऐदी श्रीमंताचे सोंग घेतात.

स्वरूप
जेरी सीगल व जो शुस्टर यांचा सुपरमॅन 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात (जून १९३८) अवतरला. तो उघड्या चेहऱ्याने वावरतो. चष्मा आणि भित्रेपणा हे सोंग वार्ताहर क्लार्क केंटचे असते. त्यामुळे लोइस लेन सुपरमॅनवर भाळते, पण क्लार्कला तुच्छ लेखते. बॅटमॅन मात्र मुखवटा वापरतो. तो म्हणजेच ब्रूस वेन, हे त्याच्या पहिल्या कथेच्या (१९३९) अखेरीस वाचकाला कळते.

ली फॉक यांच्या फँटमचे (१९३६) गुपित वंशपरंपरागत आहे. पित्यामागून पुत्र तोच वेश धारण करतो आणि लोक त्याला अमर मानतात. इंद्रजाल कॉमिक्समधून तो 'वेताळ' या नावाने मराठी वाचकांना परिचित झाला.

परिणाम
आप्तांचे रक्षण हे गुप्ततेचे नेहमीचे कारण असते. पीटर पार्कर (स्पायडरमॅन, १९६२) वृद्ध मे काकूंपासूनही सत्य लपवतो. १९७३ मधील कथेत त्याची ओळख ठाऊक असलेला ग्रीन गॉब्लिन त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पळवून नेतो व त्यात तिचा मृत्यू होतो.

अपवाद
'फँटास्टिक फोर'चे (१९६१) नायक मात्र आपल्या खऱ्या नावांनिशी उघडपणे वावरतात.