परदेशप्रवास, दुसऱ्याचं सामान आणि अमली पदार्थांचे आरोप



मुंबईहून कोणी अश्दोदला किंवा लोदला निघालं की चार घरची पुडकी त्याच्याबरोबर यायची. मसाला, पापड, कोकम, कोणाचं औषध, कोणाच्या लग्नाची साडी. ही रीत अजून चालू आहे आणि ती माणुसकीची आहे. पण विमानतळावरचा अधिकारी आधी एवढंच बघतो की बॅग कोणाच्या नावावर आहे. बॅगेतली वस्तू दुसऱ्याची आहे, आपल्याला ठाऊक नव्हतं, हे मग आपल्यालाच पटवून द्यावं लागतं. त्यात महिने जातात, कधी वर्षं. म्हणून काही घडलेली प्रकरणं आणि थोडी उपयोगी माहिती इथे एकत्र दिली आहे.

घडलेली प्रकरणं

नारिता, २००८. इस्रायलचे तीन तरुण हरेदी मुलगे जपानच्या नारिता विमानतळावर पकडले गेले. त्यांच्या बॅगांना खोटा तळ होता आणि त्यात एक्स्टसीच्या सुमारे ९०,००० गोळ्या निघाल्या. आपण जुन्या मौल्यवान वस्तू नेत आहोत असंच आपल्याला सांगितलं होतं, असं मुलांचं म्हणणं. घरच्यांची वर्षंच्या वर्षं जपानच्या कोर्टात आणि तुरुंगाच्या वाऱ्यांत गेली.

मॉस्को, २०१९. हे प्रकरण आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. एक इस्रायली तरुणी दिल्लीहून तेल अवीवला परत येत होती. मॉस्कोला फक्त विमान बदलायचं होतं. तिच्या बॅगेत साडेनऊ ग्रॅम चरस सापडला. सामान थेट तेल अवीवला जाणार होतं, मॉस्कोत ते तिच्या हातातही आलं नव्हतं, रशियात काही आणायचा हेतूच नव्हता, असा बचाव झाला. कोर्टाने तो मानला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये तस्करीच्या आरोपाखाली साडेसात वर्षांची शिक्षा झाली, अपीलही फेटाळलं गेलं. त्याच वेळी इस्रायलच्या ताब्यात असलेल्या एका रशियन माणसाला अमेरिकेकडे सोपवण्याचा वाद चालू होता, त्यामुळे प्रकरण दोन सरकारांमधलं झालं. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष पुतिन येरुशलायमला आले तेव्हा मुलीच्या आईला भेटले, नंतर माफी दिली आणि पंतप्रधान नेतान्याहू तिला आपल्या विमानातून घेऊन आले. पण असा शेवट हजारात एखाद्याच्या वाट्याला येतो. बाकीचे पूर्ण शिक्षा भोगतात.

दोहा, २०१९. मुंबईच्या एका नवविवाहित जोडप्याला नात्यातल्या बाईंनी कतारची सहल भेट दिली आणि जाताना एक पुडकं दिलं, तंबाखू आहे म्हणून. दोहा विमानतळावर त्यातून चार किलोहून जास्त चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, तिचं बाळंतपण तुरुंगातच झालं. इकडे मुलीच्या वडिलांनी हार मानली नाही. त्यांच्या तक्रारीवरून भारतातल्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने चौकशी केली, जोडप्याला फसवलं गेल्याचे पुरावे मिळाले आणि मार्च २०२१ मध्ये कतारच्या कोर्टाने दोघांना निर्दोष सोडलं. लक्षात घ्या, पुडकं देणारी परकी नव्हती, घरचीच होती.

म्हाताऱ्या माणसांनाच का गाठतात

ही नुसती तरुणांची गोष्ट आहे असं समजू नका. पिकल्या केसांच्या माणसावर कस्टमचा सहसा संशय जात नाही, हे चोरांनाही ठाऊक आहे. अमेरिकेच्या सिनेटच्या वृद्धांविषयीच्या समितीने २०१६ मध्ये याच विषयावर सुनावणी घेतली. मेन राज्यातले ७७ वर्षांचे एक निवृत्त धर्मोपदेशक स्पेनमध्ये कोकेनसह पकडले गेले होते. इंटरनेटवर ओळख झालेल्या बाईसाठी आपण फक्त कागदपत्रं नेत आहोत, अशी त्यांची समजूत होती.

फसवण्याच्या तऱ्हा ठरलेल्या असतात. वारसाहक्काची रक्कम मिळणार, फक्त सही करायला या. तिकीट आम्ही काढतो. एक बॅग किंवा पाकीट तेवढं पुढच्या गावी पोचवा. जिथे तिकीट फुकट आणि सामान दुसऱ्याचं, तिथे पाऊल मागे घ्यावं.

औषधं आणि मसाल्याचा डबा

सर्वात जास्त निष्काळजीपणा इथेच होतो.

ट्रामाडोल आणि कोडीनसारखी दुखण्यावरची औषधं आपल्याकडे कुपत होलीमच्या चिठ्ठीवर मिळतात. संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी घ्यावी लागते. भारतातही २०१८ पासून ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. इजिप्तमध्ये २०१७ मध्ये एक ब्रिटिश बाई सुमारे २९० ट्रामाडोल गोळ्यांसह पकडली गेली, तिला तीन वर्षांची शिक्षा झाली.

इस्रायलमध्ये दुखण्यासाठी कॅनाबिसचा परवाना असलेले आपल्यातही आहेत. हा परवाना भारत, रशिया, दुबई किंवा सिंगापूर इथे चालत नाही. तेलाची छोटी बाटलीसुद्धा बरोबर नेऊ नये.

आणि खसखस. आपल्या मसाल्यात ती असतेच, पण अफूच्या झाडाचं बी म्हणून अमिरातीत तिला बंदी आहे. सिंगापूरलाही ती अशी नेता येत नाही. दुबईमार्गे मुंबईला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कायदा काय म्हणतो

भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. चरस १०० ग्रॅमहून कमी असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. एक किलोहून जास्त असेल तर किमान दहा वर्षं, कमाल वीस. जामीन मिळणं फार कठीण. लष्करातून सुटल्यावर गोव्याला, मनालीला, कसोलला जाणाऱ्या नातवंडांना हे नीट सांगा. तिथे सगळेच ओढतात, म्हणून कायदा डोळे मिटत नाही.

सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमहून जास्त हेरॉइन किंवा ५०० ग्रॅमहून जास्त गांजाची तस्करी सिद्ध झाली तर फाशीची शिक्षा आहे. अमली पदार्थ तुमच्या ताब्यात सापडला की तो काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं असंच तिथला कायदा धरून चालतो. ठाऊक नव्हतं हे सिद्ध करणं आरोपीकडे.

अटक झालीच तर

१९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीला कळवा असं म्हणायचा हक्क आहे. तो पहिल्याच तासात मागावा. भारताचं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. इस्रायली देरकोनवर गेलेल्या माणसाला भारतात मदत इस्रायलचीच, दिल्लीची वकिलात किंवा मुंबईचं कॉन्सुलेट यांच्याकडून.

कॉन्सुल तुरुंगात भेटायला येऊ शकतो, वकिलांची यादी देतो, घरी निरोप पोचवतो, तब्येतीची चौकशी करतो. तो सुटका करू शकत नाही, वकिलाची फी भरत नाही, कोर्टाला हुकूम देत नाही. शिक्षा झाल्यावर उरलेली कैद मायदेशी भोगण्यासाठी १९८३ चा युरोपीय करार आहे. इस्रायल आणि भारत दोघेही त्यात आहेत, पण त्यासाठी दोन्ही सरकारांची संमती लागते आणि वेळ जातो.

न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नये, दुभाषी मागावा. घरच्यांनी बॅग कोणी दिली, कधी दिली, फोनवरचे निरोप, तिकिटाची पावती, सगळं जपून ठेवावं. दोहाच्या जोडप्याला अशाच पुराव्यांनी वाचवलं.

निघण्याआधी

१. बॅग स्वतः भरा, स्वतः बंद करा.
२. कोणाचं पुडकं घेतलंच तर देणाऱ्यासमोर उघडून बघा. शिवलेलं, चिकटवलेलं काही घेऊ नका.
३. औषधं मूळ खोक्यातच न्या, आठवड्याच्या डबीत नकोत. हिब्रू चिठ्ठी बाहेर कोणी वाचत नाही, डॉक्टरांकडून इंग्रजी पत्र घ्या.
४. मधल्या विमानतळाच्या देशाचे नियमही विचारून घ्या.
५. नातवंडाची जुनी बॅग वापरत असाल तर तिचे सगळे कप्पे आधी रिकामे करून तपासा.

पुडकं उघडायला सांगितल्यावर कोणी रागावलं तर रागावू द्या. आपल्या ओळखीचा माणूस चार दिवसांनी पुन्हा बोलायला लागेल.