मूल्यवर्धन कार्यक्रम

प्राथमिक शाळेतील मुलांना भावनांचे नियमन, परस्परसहकार्य, संवाद आणि लोकशाही वर्तन यांचे शिक्षण वर्गातील कृतींद्वारा देणारा महाराष्ट्रातील एक शैक्षणिक उपक्रम. त्याचा आरंभ २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील सु. ५०० जिल्हा परिषद शाळांत पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी झाला. भारतीय जैन संघटनेचे (स्थापना १९८५) संस्थापक शांतिलाल मुथ्था हे त्याचे प्रवर्तक असून ते मूळचे बीड जिल्ह्यातील होत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर या संघटनेने सु. १,२०० मुलांच्या शिक्षणाची व निवासाची सोय पुण्यात केली होती. शालेय शिक्षणाशी संघटनेचा निकटचा संबंध त्या कार्यातून आला.

पूर्वपीठिका : शाळेने मुलाला वळण लावावे, ही अपेक्षा जुनी आहे. तथापि वळण म्हणजे आज्ञापालन, हा अर्थ दीर्घकाळ रूढ होता आणि त्याची साधने उपदेश व शिक्षा ही होती. मुलाला स्वतःच्या कृतीतून संयम लाभतो, हा विचार मारिया माँटेसरी यांनी मांडला आणि महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे तो ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत नेला. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांनी १९३२ मधील आपल्या ग्रंथात गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या निरीक्षणावरून असे दाखविले, की प्रौढांच्या धाकाने पाळलेला नियम मुलाच्या दृष्टीने बाहेरचाच राहतो. बरोबरीच्या सवंगड्यांशी व्यवहार करताना पटलेला नियम मात्र त्याचा स्वतःचा होतो. १९९० नंतरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने जीवनकौशल्यांची दहा अंगे सांगितली; त्यांत भावना व ताण यांना सामोरे जाण्याच्या क्षमतांचा समावेश होता.

भारतात शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये सत्य, सदाचार, शांती, प्रेम व अहिंसा या पाच मूल्यांवर आधारित शिक्षणाची शिफारस केली. महाराष्ट्रातील शाळांत संवेदनशीलता, सौजन्यशीलता, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता इ. दहा मूल्यांचा पुरस्कार झाला. परंतु मूल्यांची यादी फळ्यावर लिहिली, की मूल्यशिक्षण झाले, असा समज अनेकदा होतो. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी घातली. त्यामुळे छडीच्या जागी कोणती शिस्त आणावयाची, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकापुढे व्यावहारिक स्वरूपात उभा राहिला.

कार्यपद्धती : या कार्यक्रमाचा पाया भारतीय संविधानाच्या उद्देशिकेतील न्याय, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही मूल्ये होत. मुलांसाठी उपक्रमपुस्तिका व शिक्षकांसाठी मार्गदर्शिका यांच्या आधारे जोडीतील चर्चा, गटकार्य, सहकारी खेळ, गोष्टी व भूमिकाभिनय या पद्धती वापरल्या जातात. भावनांचे नियमन म्हणजे भावना दडपणे नव्हे. उदा., शेजाऱ्याने पेन्सिल हिसकावल्यास मुलाला राग येणे स्वाभाविक आहे. आलेल्या भावनेला नाव देणे, क्षणभर थांबणे, आपले म्हणणे शब्दांत मांडणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे आणि दोघांना मान्य होईल असा मार्ग काढणे, या पायऱ्या सरावाने शिकता येतात. अशा वेळी शिक्षकाने निवाडा देण्याऐवजी प्रश्न विचारणे अपेक्षित असते. वर्गाचे नियम मुलांनीच चर्चेने ठरविल्यास ते पाळण्याची जबाबदारीही त्यांना आपली वाटते.

बीड जिल्ह्यातील संदर्भ : पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची मुले एक तर फडावर जातात किंवा आजी-आजोबांजवळ अथवा हंगामी वसतिगृहात राहतात. वियोग, एकटेपणा व अभ्यासात मागे पडल्याची लाज या भावना अशा मुलांच्या बाबतीत नित्याच्या होत. परतलेल्या मुलाला वर्ग कसा सामावून घेतो, ही बंधुतेची कसोटीच ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये हे प्रमाण ८९४ होते. समतेचा पाठ येथे मुलगा व मुलगी यांनी एका गटात बसण्यापासून, बोलण्याची संधी आणि वर्ग झाडण्याचे काम सारखे वाटून घेण्यापासून सुरू करावा लागतो.

विस्तार व मर्यादा : महाराष्ट्र शासनाच्या सहकार्याने २०१६ च्या सुमारास हा कार्यक्रम राज्याच्या इतर जिल्ह्यांत आणि पुढे गोव्यातही नेण्यात आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मुलांच्या सामाजिक व भावनिक विकासास बौद्धिक विकासाच्या जोडीने स्थान दिले.

अशा शिक्षणाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. संयम व सहानुभूती यांचे मापन लेखी परीक्षेने होत नाही; मुलाला योग्य उत्तर ठाऊक असणे आणि प्रसंगी त्याने तसे वागणे, यांत अंतर असते. चर्चेचा तास घेणारा शिक्षक पुढच्याच तासाला मुलांवर ओरडत असेल, तर मुले ओरडणेच शिकतात. ज्यांना या अनुभवाची गरज सर्वाधिक, ती स्थलांतरित मुलेच वर्षातील बराच काळ वर्गाबाहेर असतात. याहून मूलभूत आक्षेप असा, की अन्याय सोसणाऱ्या मुलाला केवळ आत्मसंयम शिकविणे म्हणजे त्याला गप्प बसण्याची सवय लावणे होय. या आक्षेपाचे निराकरण संयमाला न्यायाची जोड दिल्यानेच होऊ शकते. राग आवरणे आणि रागाचे कारण निर्भयपणे सांगणे, ही दोन्ही कौशल्ये मुलाला एकत्र मिळाली, तरच भावनांचे नियमन हे नागरिकत्वाचे शिक्षण ठरते.