टर्बो लावल्यावर सिलिंडरची भिंत का फुटते आणि ती मजबूत कशी करतात?

जुन्या होंडाला टर्बो लावणाऱ्यांचे अमेरिकन व्हिडिओ तुम्ही बघत असाल, तर ‘स्लीव्ह्ड ब्लॉक’ हा शब्द कानावरून गेलाच असेल. खाली कमेंटमध्ये कोणीतरी हमखास लिहितं, ‘आधी स्लीव्ह टाक, मग बूस्ट वाढव.’ पण स्लीव्ह म्हणजे नक्की काय, मूळ भिंतीत असं काय कमी असतं आणि एवढा खर्च खरंच लागतो का, हे कोणी नीट सांगत नाही. मी दिवसभर कोड लिहितो, इंजिन हा माझा रविवारचा छंद. त्यामुळे इथे ऐकीव गोष्टींपेक्षा आकडेमोड जास्त सापडेल.

उदाहरण म्हणून एकच इंजिन धरू. होंडाचं बी१८सी. अमेरिकेत १९९४ ते २००१ या काळात विकल्या गेलेल्या इंटिग्रा जीएस-आरमध्ये हे होतं. १७९७ सीसी, बोअर ८१ मिमी, स्ट्रोक ८७.२ मिमी आणि टर्बो नसताना १७० हॉर्सपॉवर. इंटिग्रा आपल्याकडे अधिकृतपणे कधी आलीच नाही. पण १९९८ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या होंडा सिटीतली डी-सीरिज इंजिनंही अशाच रचनेची आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमचा ब्लॉक, आत ओतीव लोखंडाचे पातळ लायनर आणि वरून ‘ओपन डेक’.

ओपन डेक म्हणजे काय?

एका टबमध्ये चार स्टीलचे ग्लास रांगेत, एकमेकांना चिकटवून उभे करा. त्यांचे तळ टबाला घट्ट जोडा आणि भोवती पाणी भरा. वरचा काठ मात्र टबाच्या कडेला कुठेच टेकलेला नाही. हेड काढल्यावर बी१८सीचा ब्लॉक वरून अगदी असा दिसतो. ग्लास म्हणजे सिलिंडर, पाणी म्हणजे कूलंट.

ग्लास एकमेकांना चिकटलेले असल्याने रांगेच्या दिशेने ते एकमेकांना धरतात. पण रांगेच्या आडव्या दिशेला वरच्या टोकाशी त्यांना कोणाचाच आधार नाही. हेड आणि गॅस्केट वरून दाबून धरतात तेवढंच. ही आडवी दिशा लक्षात ठेवा.

होंडाने असं का केलं? काटकसर हे एक कारण. वरून मोकळा ब्लॉक स्टीलच्या साच्यात दाबाखाली भराभर ओतता येतो, कारण पाण्याची जागा तयार करणारा साच्याचा भाग वरून सरळ बाहेर ओढता येतो. वर झाकण असेल, तर आत वाळूचे गाभे ठेवावे लागतात, वेळ आणि पैसा वाढतो. दुसरं कारण चांगलं आहे. सिलिंडरचा सगळ्यात गरम भाग वरचाच, आणि ओपन डेकमध्ये तिथपर्यंत चहूबाजूंनी पाणी पोचतं. १७० हॉर्सपॉवरसाठी ही रचना उत्तम आहे. कंपनीने चूक केली असं म्हणण्यात अर्थ नाही. तिने टर्बोसाठी हा ब्लॉक बनवलाच नव्हता.

भिंतीवर जोर किती येतो?

टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनात जळण्याच्या वेळी सिलिंडरमधला दाब १०० बारपर्यंत सहज जातो. ८१ मिमी बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ५१.५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर सव्वापाच टन वजन! हाच दाब भिंतीलाही बाहेर ढकलतो. पातळ नळीचं साधं सूत्र असं: ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. समजण्यापुरती ३ मिमी जाडीची लोखंडी भिंत धरली आणि बाहेरच्या ॲल्युमिनियमचा आधार सोडून दिला, तर ताण येतो १३५ मेगापास्कल. साधं ओतीव लोखंड साधारण २०० ते ३०० मेगापास्कलला तुटतं. कागदावर वाचलो. पण ७००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ३५०० वेळा हा धक्का बसतो, आणि वारंवार धक्के खाणारं लोखंड त्या आकड्याच्या बरंच आधी थकतं.

आता आडव्या दिशेकडे या. सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाल्यावर साधारण १४ अंशांवर असावा, असं ट्यूनिंग करतात. त्या क्षणी कनेक्टिंग रॉड सुमारे साडेचार अंश कललेला असतो. सव्वापाच टनांतला तेवढा तिरपा भाग काढला की ४०० किलोंच्या आसपास जोर पिस्टनच्या स्कर्टमधून भिंतीच्या एकाच बाजूवर येतो. क्रँकशाफ्ट सिलिंडरच्या रांगेला समांतर असतो, म्हणून रॉड कलतो तो रांगेच्या आडवा. नेमका तिथेच, जिथे ग्लासला आधार नाही.

त्या क्षणी पिस्टन किती खाली आलेला असतो? मी हिशेब केला, जेमतेम पावणेदोन मिमी. म्हणजे सर्वाधिक दाब सिलिंडरच्या अगदी वरच्या कडेला लागतो. बी१८सीच्या भिंतीचं दुखणं ती पातळ आहे एवढंच नाही, तिचं वरचं टोक मोकळं आहे हे जास्त महत्त्वाचं. भिंत वर थोडीशी डोलते, प्रत्येक डोलण्यात हेड गॅस्केटची धातूची कडी घासली जाते, मग गॅस्केट गळू लागतं. बरेच जण गॅस्केट बदलत राहतात, आणि काही महिन्यांत ते पुन्हा उडतं.

शेवटी लायनरला उभी चीर जाते. एका मशीन शॉपमध्ये मी अशी चीर पाहिली आहे. केसाएवढी बारीक, डोळ्याला दिसत नव्हती, नख फिरवल्यावर अडकली. त्या चिरेतून गाडी बंद असताना कूलंट सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या वेळी सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

खरा खुनी नॉकिंग

आतापर्यंतचा हिशेब नीट जळणाऱ्या पेट्रोलचा होता. नॉकिंगमध्ये कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचण्याआधीच एकदम पेट घेतं आणि दाबाची लाट भिंतींवर आपटत राहते. ८१ मिमीच्या बोअरमध्ये ही लाट सेकंदाला सहा-सात हजार वेळा इकडून तिकडे जाते. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर म्हणजे हाच आवाज ऐकणारा एक मायक्रोफोन. फोनच्या माइकचा चुलत भाऊच म्हणा.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याचं ट्यूनिंग कच्चं आहे त्याने स्लीव्हवर एक रुपयाही घालू नये. नॉकिंग चालू असेल तर महागड्या स्लीव्हमध्येही पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. इंटरकूलर, पुरेसे इंजेक्टर, इग्निशन मागे घेणं आणि योग्य इंधन हे सगळं भिंतीच्या आधी येतं.

इंधनाबद्दल एक गोष्ट अमेरिकन व्हिडिओ बघणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. तिथल्या पंपावरचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, आपला आकडा वेगळ्या पद्धतीचा. त्यांचं ‘९३’ आपल्या मोजणीत साधारण ९७-९८ होतं. आपल्याकडे नेहमीच्या पेट्रोलचा किमान आकडा त्याहून कमी आहे. म्हणून त्यांचा बूस्ट आणि त्यांचा टायमिंग मॅप जशाच्या तसा उचलणं म्हणजे नॉकिंगला आमंत्रण. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेलं एक्सपी१०० मदत करतं, पण ते सगळीकडे मिळत नाही, आणि रस्त्यावरची गाडी मिळेल त्या पंपावर भरावी लागते.

स्वस्त उपाय

चांगल्या ट्यूनिंगसह बी-सीरिजच्या मूळ लायनरवर चाकांपाशी ३०० ते ३५० हॉर्सपॉवर, हा तिथल्या बांधणाऱ्यांमध्ये रूढ असलेला अंदाज. हमी नव्हे. त्याच्या आत राहायचं असेल तर ब्लॉकला हात न लावणं हाच माझा सल्ला.

ब्लॉक गार्ड ही सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेत वरून ठोकून बसवायची ॲल्युमिनियमची पट्टी. पाणी जायला तिला भोकं असतात. कल्पना बरोबर आहे, कारण ती मोकळं टोकच धरते. पण घट्ट बसवली तर बोअर वाकडा होतो, म्हणून ती बसवल्यानंतर होनिंग करायलाच हवं. सैल बसवली तर काही उपयोग नाही. शिवाय सगळ्यात गरम जागेचं पाणी थोडं अडतं ते वेगळंच.

दुसरी पद्धत पिनिंगची. ब्लॉकच्या बाहेरून आटे पाडून पिना आत घालतात, त्या सिलिंडरच्या वरच्या भागाला टेकतात. इथे कारागिराचा हात महत्त्वाचा, एक पिन जास्त दाबली तर बोअरला तिथेच पोचा येतो. पाण्याच्या जागेत सिमेंटसारखं मिश्रण भरणं हा ड्रॅग रेसचा खेळ आहे. ती गाडी काही सेकंद पळते. सिग्नलला पंधरा मिनिटं उभ्या राहणाऱ्या गाडीत पाणी कमी करणं मला पटत नाही, आणि वरपर्यंत भरता येत नसल्याने दुखऱ्या जागेला आधार मिळतच नाही.

स्लीव्हिंग

ट्रक-ट्रॅक्टरच्या इंजिनात लायनर बदलणं आपल्या मेकॅनिकला नवं नाही. होंडाच्या ब्लॉकचं काम मात्र वेगळं आहे. मूळ लायनर आणि भोवतीचं ॲल्युमिनियम मशीनवर कापून काढतात आणि जाड, डक्टाइल आयर्नचे नवे स्लीव्ह बसवतात. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये ज्याला ‘एसजी आयर्न’ म्हणतात तोच हा धातू. साध्या ओतीव लोखंडात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं असतं आणि चीर त्या पापुद्र्यावरून धावते. १९४३ मध्ये कीथ मिलिस यांनी त्यात मॅग्नेशियम मिसळून ग्रॅफाइटच्या गोळ्या बनवल्या. गोळीपाशी चीर अडते. त्यामुळे हे लोखंड फुटण्याआधी थोडं ताणलं जातं.

डार्टनच्या ‘एमआयडी’ प्रकारात स्लीव्हच्या वरच्या कॉलर एकमेकांत अडकून जवळजवळ पूर्ण झाकण तयार होतं. म्हणजे ओपन डेकचा क्लोज्ड डेक होतो. माझ्या मते स्लीव्हिंगचा निम्म्याहून जास्त फायदा जाडीत नाही, या कॉलरमध्ये आहे.

काम कुठे बिघडतं? तापमानात. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. ८० अंशांनी तापलं की ८८ मिमी व्यासाच्या भोकात सुमारे ०.०८ मिमीचा फरक पडतो, म्हणजे थंड असताना घट्ट बसलेली पकड गरम झाल्यावर बरीच सैलावते. उंचीतही तेच. १३० मिमी उंचीचा स्लीव्ह फक्त तळाच्या पायरीवर टेकवला, तर गरम ब्लॉक त्याच्यापेक्षा ०.१२ मिमी उंच होतो आणि गॅस्केटवरचा दाब जातो. म्हणून स्लीव्ह वरच्या कॉलरवर टांगलेला हवा, आणि कॉलरची बैठक मायक्रोमीटरने तपासलेली हवी. बसवल्यावर ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग स्लीव्हसकट एकदाच सपाट करतात.

यात ‘अनडू’ नाही. कापलेलं ॲल्युमिनियम परत येत नाही. सेंटर चुकलं तर ब्लॉक भंगारात. मशीन शॉपला दोनच प्रश्न विचारा: याच ब्लॉकचे स्लीव्ह आधी बसवलेत का, आणि होनिंग टॉर्क प्लेट लावून करता का? हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित बदलतो. जाड प्लेट आवळून तोच ताण दिल्याशिवाय घासलेला बोअर गाडीत गेल्यावर गोल राहत नाही.

स्लीव्ह टाकलाच आहे तर बोअर ८४ मिमी करून १९३३ सीसी मिळवू, असा मोह सगळ्यांना होतो. बी-सीरिजमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यांतलं अंतर ९० मिमी. म्हणजे दोन बोअरमध्ये उरतात ६ मिमी, त्यात दोन स्लीव्हच्या भिंती. वरच्या सूत्रात त्रिज्या वाढली, जाडी घटली. पैसे देऊन घेतलेली ताकद पैसे देऊनच परत केली. बूस्ट असताना दीडशे सीसी टर्बो सहज भरून काढतो, म्हणून मी ८१ वरच थांबलो असतो.

भिंतीबरोबर बदलणाऱ्या गोष्टी

टर्बोसाठी फोर्ज्ड पिस्टन टाकतात. त्यातला २६१८ मिश्रधातू जास्त फुगतो, म्हणून त्याला जास्त मोकळीक लागते आणि सकाळी थंड इंजिन खडखडतं. तो दोष नाही. रिंगच्या टोकांमधली फट मात्र वाढवावीच लागते. ८१ मिमीला साधारण ०.४ मिमीच्या पुढे, नेमका आकडा पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावरून. फट कमी पडली तर तापलेल्या रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि नव्या भिंतीवर ओरखडे काढतात.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. बिल्डची यादी करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांना विचारून घ्या.

कोणी टर्बो लावलेली जुनी होंडा विकत देत असेल, तर कॉम्प्रेशन टेस्टवर थांबू नका. केसाएवढी चीर त्यात अनेकदा लपते. प्रत्येक सिलिंडरमध्ये वरच्या टोकाला हवेचा दाब देऊन लीक-डाउन टेस्ट करा आणि रेडिएटरचं झाकण उघडं ठेवा. पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट, हेड किंवा भिंत, तिघांपैकी एक गेलेलं आहे, आणि ते कोणतं हे हेड उतरवल्याशिवाय कळत नाही. विकणारा ‘फक्त गॅस्केट आहे’ म्हणाला, तर हेड उतरवायचा खर्च किमतीतून आधी वजा करायला सांगा.