‘पूर्वी असं नव्हतं’, पण पूर्वी म्हणजे कधी?

संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पूर्वी असं नव्हतं हो!" मुलं जिन्यात भेटली तरी मोबाईलमधून मान वर करत नाहीत, प्लंबर सांगितलेल्या वेळी येत नाही, लिफ्टच्या कोपऱ्यात कुणीतरी पिंक टाकून जातं. तक्रार खोटी नाही. पण हे ‘पूर्वी’ नेमकं कधीचं, ते शोधायला इतिहासात मागे गेलं की गंमत होते.

१८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने शंभरावर पत्रं छापून आली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख. लोक आळशी आहेत, अर्थ न कळता पाठांतर करतात, उद्योगाकडे पाठ फिरवतात, जगात काय चाललंय याची चौकशीही करत नाहीत, असा त्यांचा सूर. विशेष म्हणजे लेखमाला सुरू झाली तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. म्हणजे इथे तरुणच वडीलधाऱ्यांचे कान उपटत होता!

आणखी मागे, सतराव्या शतकात जाऊ. समर्थांच्या दासबोधातली मूर्खलक्षणं पाहा. स्वतःची स्तुती करणारा, अक्षरं गाळून वाचणारा, पुस्तकाची निगा न राखणारा आणि पाण्यात चूळ टाकणारा, हे सगळे त्या यादीत आहेत. लिफ्ट तेव्हा नव्हती, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट अशी की, ‘रीत बुडाली’ ही ओरड नेहमी चांगल्या रीतीसाठीच होती असंही नाही. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकणाऱ्यांना आपण समाजाची मर्यादाच राखतोय असं वाटत होतं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशा मंडळींपुढे चहा ठेवला गेला, त्यावरून केवढं ग्रामण्य उठलं! पुढे टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तं घ्यावी लागली. आज आपण कुणाकडेही बिनधास्त चहा पितो. ती रीत बुडाली, बरंच झालं.

आपल्यासारख्या सोसायट्यांचंही तेच. १९०४ चा सहकार कायदा मुख्यतः शेतकऱ्यांच्या कर्जासाठी होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही वाट मोकळी झाली आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांचा त्यात पुढाकार होता. मोठं काम, पण सभासद एकाच समाजाचे. जुन्या शेजारधर्माचा बराचसा भाग असा आपापल्या माणसांपुरता होता. आज आपल्या तळमजल्यावरच्या नावांच्या पाट्या वाचा. इतक्या तऱ्हेची आडनावं एका जिन्यात सुखाने राहतात, ही घसरण म्हणायची का?

मग काहीच घसरलं नाही? घसरलं आहे, आणि ते आपल्या इतिवृत्ताच्या वहीत लिहिलेलं आहे : ‘कोरमअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब.’ व्हॉट्सअॅपवर तक्रारी ढीगभर. कमिटीसाठी नाव द्या म्हटलं की सगळे गप्प. पंचवीस वर्षांपूर्वीची माणसं काही संत नव्हती. टँकर आला की खाली उतरावंच लागायचं, निरोपाचा फोन एखाद्याच्याच घरी असायचा, रात्री-बेरात्री रिक्षा शोधायला शेजारीच धावायचा. अडचण होती म्हणून ओळख होती. आता पाणी नळाला, फोन खिशात आणि भाजी दारात येते. अडचण गेली आणि तिच्याबरोबर वळणही सुटलं.

ते वळण आता गरज नसतानाही, ठरवून लावावं लागेल. त्यासाठी मुलांना दोष देऊन भागणार नाही, कारण मुलं बघतात ते आपल्याला. वॉचमनला आपण नावाने हाक मारतो की नुसतं "ए!" म्हणतो, हे त्यांना बरोबर कळतं. पुढच्या वार्षिक सभेला दिलेल्या वेळीच खाली या, आणि येताना घरातल्या विशीतल्या मुला-मुलीलाही घेऊन या. मत देता आलं नाही तरी बसून ऐकता येईल. निदान त्या वहीत ‘तहकूब’ हा शब्द तरी या वर्षी नको.