‘समाजसेवा अधीक्षक’ आला कुठून?

मोठ्या सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी असलेली खोली तुम्ही पाहिली असेल. बहुतेकांच्या मते ती बिलात सवलत मिळण्याची खोली. पण आत बसलेल्या माणसाचे शिक्षण वेगळ्याच कामासाठी झालेले असते, आणि त्या शिक्षणाची सुरुवात मुंबईच्या नागपाड्यात झाली.

१९३६ साली तिथे सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. पहिले संचालक होते क्लिफर्ड मॅन्शर्ट, त्याच वस्तीत आधीपासून काम करणारे अमेरिकन मिशनरी. पुढच्याच वर्षी संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र काढले. अशा केंद्राची रीत समजून घ्या. मूल शाळेतून पळते किंवा अंथरूण ओले करते म्हणून आणले जाते. डॉक्टर तपासतात, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात. समाजकार्यकर्ता मात्र आईवडिलांशी बोलतो, घरी जातो, शिक्षकांना भेटतो. पुष्कळदा दुखणे मुलात कमी आणि घरात जास्त सापडते!

शिक्षण सुरू झाले, पण रुग्णालयांना अशा माणसाची गरज पटायला वेळ लागला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला तो १९४६ मध्ये, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी. आम्हा डॉक्टरांना गोळी लिहून दिली की काम संपले असे वाटते, त्याला हे धरूनच झाले म्हणायचे.

नागपाड्याची ती संस्था म्हणजेच आजची ‘टिस’. १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बंगळूरला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली, तीच पुढे निम्हान्स झाली. तिथेही मनोविकार समाजकार्याचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर या व्यावसायिकाची व्याख्याच केली: समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणासह.

एवढे शिकून हा माणूस विचारतो काय? गोळ्या कोण देते? रुग्ण रात्री झोपतो का? मालक कामावर परत घेईल का? स्किझोफ्रेनियाचा रुग्ण बरा होऊन घरी जातो, औषध सोडतो आणि पुन्हा दाखल होतो, त्याची कारणे याच उत्तरांत असतात. तेव्हा तुमच्या रुग्णाला घरी सोडण्याआधी त्या खोलीत नक्की जा, आणि त्याच्यासोबत रोज राहणाऱ्या माणसाला बरोबर न्या.