मुळांवर उगाच आळ

गेल्या आठवड्यात एका बगनं तीन दिवस छळलं. सर्व्हर रिस्टार्ट केला की काही तास सगळं सुरळीत, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. मॅनेजरचा एकच धोशा, "रूट कॉज काय?" टपरीवर चहा पिताना टीममधला कोट्टायमचा मित्र म्हणाला, "तीनच दिवस? आमच्या माडांच्या रोगाचं कारण शोधायला शंभर वर्षं लागली!" झालं, शनिवार-रविवार त्यातच गेला.

या रोगाची पहिली नोंद १८८२ च्या महापुरानंतरची, कोट्टायमजवळच्या एराट्टुपेट्टाची. पाती बरगड्यांसारखी आत वळतात, झावळ्या ढिल्या नि पिवळ्या पडतात, नारळ कमी होत जातात. पण माड पटकन मरत नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. मेलेलं झाड तोडता येतं. चार का होईना, नारळ देणाऱ्या माडावर कुऱ्हाड कोण चालवणार? मित्राच्या आजीनंही नाहीच चालवली.

मल्याळममधे याला 'काट्टुवीळ्च' म्हणतात. त्यातला 'काट्टु' म्हणजे वारा. इंग्रजीत नाव पडलं 'रूट विल्ट', म्हणजे मुळांवर आळ. १९०८ साली बटलर या बुरशीतज्ज्ञानं बुरशीवर संशय घेतला. पुढे जिवाणू, सूत्रकृमी, विषाणू, जमिनीचा कस असे सगळे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. आजारी झाडावर काही ना काही सापडायचंच की!

धागा मिळाला तो जपानमधे. १९६७ साली तिथल्या संशोधकांना तुतीच्या एका रोगात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, पेशीभित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जिवाणू दिसले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. तसेच जीव १९८३ साली केरळच्या रोगट माडांच्या अन्नवाहिन्यांत दिसले. ते पसरवतात पानांतला रस शोषणारे किडे. म्हणजे नाव मुळाचं, गुन्हेगार भलताच!

तरी कॉखच्या कसोटीला हे प्रकरण पूर्ण उतरत नाही. रोगजंतू वेगळा काढा, प्रयोगशाळेत वाढवा, मग त्यानंच रोग होतो हे दाखवा, अशी ती कसोटी. फायटोप्लाझ्मा नेहमीच्या पद्धतींनी वाढतच नाही. टेट्रासायक्लिन दिलं की लक्षणं कमी होतात, हा एक मोठा पुरावा. पण डोस थांबला की रोग परत. (आमचा रिस्टार्ट!)

दरम्यान १९८४ च्या पाहणीत नुकसानीचा अंदाज निघाला, वर्षाला सुमारे ९७ कोटी नारळ.

कारण कळलं, पण औषध आजही नाही. फार बिघडलेले माड काढायचे, बाकीच्यांना खतपाणी द्यायचं, आंतरपिकं घ्यायची. आणि रोगट बागांमधे जे माड ठणठणीत उभे राहिले, त्यांच्यातून 'कल्परक्षा'सारखे वाण निवडले गेले. शंभर वर्षं आपण आजारी झाडांकडेच बघत होतो. उत्तराचा एक भाग शेजारच्या निरोगी झाडात होता.

असो. रात्री दोनला आपोआप रिस्टार्ट होईल अशी स्क्रिप्ट लावून ठेवली आहे. सोमवारी मात्र आधी न बिघडलेल्या सर्व्हरचे लॉग बघणार.