मिठाच्या पुडीवरचा हसरा सूर्य

मिठाच्या पुडीवर एक छोटा हसरा सूर्य छापलेला असतो. तो आपण रोज पाहतो आणि पुडी फोडून बरणीत ओततो. या मिठात आयोडीन घातलेलं आहे, एवढंच त्या सूर्याचं सांगणं. पण तो सूर्य पुडीवर यायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. आज त्या वर्षांची गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

आत्ताच हा विषय काढायला कारण आहे. थायरॉईडची गोळी चालू असलेली बाई नाही असा बचत गट आता क्वचितच सापडतो. आणि या बायकांच्या मोबाईलवर हल्ली व्हिडिओ येतात. गोळी सोडा, आयोडीनचे थेंब घ्या. सारखा थकवा येतो म्हणजे तुमची ॲड्रिनल ग्रंथी दमली आहे, तिच्यासाठी ही पावडर घ्या. बाटलीला पैसे, डब्याला पैसे, आणि चालू गोळी बंद. हा सल्ला नवा नाही. दोनशे वर्षांपूर्वी तो एकदा देऊन झाला आहे आणि त्याचं काय झालं तेही लिहून ठेवलेलं आहे.

गळ्याला पुढच्या बाजूने, कंठाच्या खाली फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, ती थायरॉईड. अंगातली ऊब, नाडीची गती, पाळी, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ, सगळं तिच्या हार्मोनवर चालतं. ते हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. आयोडीन मिळालं नाही की ग्रंथी जास्त काम करायला बघते आणि फुगते. त्यालाच गलगंड म्हणतात. हा शब्द आपल्याकडे फार जुना, सुश्रुतसंहितेतही तो आहे. रोग माहीत होता, कारण माहीत नव्हतं.

१८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्त्वा नावाचा माणूस तोफांच्या दारूसाठी लागणारा सोरा बनवत होता. समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करताना तिच्यातून जांभळी वाफ निघाली. ते आयोडीन. नऊ वर्षांनी, १८२० साली, जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी ते गलगंडाच्या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. गळे खरोखर उतरू लागले. बातमी पसरली, आणि लोक डॉक्टरला न विचारता दुकानातून औषध आणून पिऊ लागले. मग काहींची छाती धडधडू लागली, हात कापू लागले, अंग झडू लागलं. बऱ्या होऊ पाहणाऱ्या औषधाचं नाव खराब झालं. तेव्हा देत होते ते प्रमाण आजच्या हिशेबाने रोजच्या गरजेच्या शेकडो पट होतं. औषध बरोबर होतं, माप चुकलं होतं.

योग्य माप सापडायला मग शंभर वर्षं लागली. शहाणपणाचा धागा मधेच एकदा हाती आला होता. बूसिंगो नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत फिरत असताना त्यांना दिसलं, की काही खाणींचं मीठ खाणाऱ्या गावांत गलगंड नाही. त्या मिठात मुळातच आयोडीन होतं. १८३० च्या दशकात त्यांनी सुचवलं, की असं मीठच लोकांना द्यावं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १८९५-९६ साली बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाला थायरॉईड ग्रंथीतच आयोडीन सापडलं, तेव्हा कुठे खात्री पटू लागली. आपल्याकडे इंग्रजी अमलात रॉबर्ट मॅककॅरिसन हे डॉक्टर गिलगिटच्या डोंगरात गलगंडाचा शोध घेत होते. पाण्यातला गाळ गाळून त्यांनी स्वतः प्यायला आणि इतरांनाही पाजला. पाण्यातल्या घाणीत रोग आहे असं त्यांचं मत होतं. माणूस कष्टाळू होता, पण मुख्य कारण वेगळंच निघालं.

मोजून दिलेल्या आयोडीनचा मोठा पुरावा दिला तो शाळकरी मुलींनी. अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन नावाचं गाव आहे. तिथे १९१७ पासून डेव्हिड मरीन आणि किंबॉल या डॉक्टरांनी शाळेतल्या मुलींना वर्षातून दोनदा ठरावीक दिवस आयोडीनचं औषध दिलं. मुलीच का, तर गलगंड मुलींना आणि बायकांना जास्त होतो. वयात येताना आणि पुढे गरोदरपणात गरज वाढते. औषध घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी ५ जणींचा गळा नव्याने फुगला. न घेणाऱ्या २,३०५ मुलींपैकी ४९५ जणींचा फुगला. आकडे वाचायला शाळा शिकलेली लागत नाही.

पण प्रत्येक मुलीला गाठून औषध कोण पाजणार? स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात डॉक्टर ओटो बायार्ड यांनी मिठात अगदी थोडं आयोडीन मिसळलं आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते एका डोंगरी गावातल्या काही कुटुंबांना खायला दिलं. गळे उतरले, त्रास कुणाला झाला नाही. १९२२ साली त्या देशातल्या ॲपेन्झेल भागात असं मीठ विकायला आलं. १९२४ साली अमेरिकेत मिशिगन राज्यात आलं. मीठच का, हे आपल्याला कुणी सांगायला नको. गरीब असो की बागायतदार, मीठ सगळेच खातात, रोज खातात, आणि साधारण सारखंच खातात. साखरेचं किंवा तुपाचं तसं नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. हिमालयाच्या पायथ्याच्या मातीतलं आयोडीन बर्फाने आणि पावसाने हजारो वर्षांत धुऊन गेलं. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, भाजीत नाही, गाईच्या दुधातही नाही. कांगडा खोऱ्यात, जे तेव्हा पंजाबात होतं आणि आज हिमाचल प्रदेशात आहे, सुमारे ३८ टक्के लोकांना गलगंड होता. गळा दिसतो म्हणून तो मोजला गेला. खरं नुकसान दिसत नव्हतं. गरोदर बाईला आयोडीन मिळालं नाही तर काही मुलं मुकी-बहिरी, बुटकी, मंद बुद्धीची जन्मतात, आणि त्याहून किती तरी अधिक मुलं दिसायला धडधाकट पण शिकण्यात मागे राहतात. अशा मुलांच्या आयांना घरात आणि गावात काय काय ऐकावं लागलं असेल, ते तुम्हीच ओळखा. दोष मातीचा, बोल आईला.

डॉक्टर व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५६ पासून कांगड्यात एक मोठा प्रयोग केला. लाखभर वस्तीच्या मुलखाचे तीन भाग पाडले. एका भागाला पोटॅशियम आयोडाइड घातलेलं मीठ, दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेट घातलेलं, तिसऱ्याला साधं. १९६२ साली पुन्हा गळे तपासले. आयोडीनच्या मिठाच्या दोन्ही भागांत गलगंड निम्म्यावर किंवा त्याखाली आला होता. साध्या मिठाच्या भागात होता तसाच होता. त्यानंतर तिसऱ्या भागालाही आयोडीनचं मीठ सुरू झालं आणि तिथलंही प्रमाण उतरलं.

या तिसऱ्या भागापाशी आम्ही थोडं थांबतो. पुराव्यासाठी तुलना लागते, हे कळतं. पण ती सहा वर्षं तिथल्या बायकांची बाळंतपणं थांबली नव्हती. जगाला जे शिकायला मिळालं त्याची काही किंमत त्यांच्या घरांनी मोजली. त्यांची नावं कोणत्याही पुस्तकात नाहीत.

१९६२ सालीच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण सुरुवातीला समजूत अशी, की हा डोंगराचा रोग, डोंगरालाच मीठ पाठवू. पुढे पाहण्या झाल्या तशी ही समजूत मोडली. गंगेच्या पुराने धुतलेल्या मैदानात रोग होता, आणि महाराष्ट्रातही गलगंडाचे जिल्हे निघाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशाच्या तराईत नवजात बाळांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा किती तरी बाळं थायरॉईडची कमतरता घेऊनच जन्मत असल्याचं दिसलं. मग सगळ्या देशाचं खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं आणि खासगी कारखान्यांना त्यात येऊ दिलं. टाटांचं पुडीतलं मीठ १९८३ चं, याच काळातलं. १९९२ मध्ये कार्यक्रमाचं नावही बदललं. गलगंड हा शब्द जाऊन ‘आयोडीन कमतरतेचे विकार’ आलं, कारण प्रश्न गळ्याचा कमी आणि मुलांच्या मेंदूचा जास्त होता.

पुढचा भाग भांडणाचा आहे. १९९७ साली केंद्र सरकारने खाण्यासाठी साधं मीठ विकायला बंदी घालायचं ठरवलं. त्यावर विरोध उठला. लहान मिठागरवाल्यांचं काय? आणि ज्या देशात दांडीला आणि आपल्या शिरोड्याला १९३० साली मिठासाठी लोकांनी सत्याग्रह केला, तिथे सरकारने मिठावर पुन्हा हुकूम चालवावा का? या प्रश्नात दम होता, आम्हालाही तो फेटाळून टाकावासा वाटत नाही. २००० साली केंद्राने बंदी उठवली. डॉक्टरांनी पाठपुरावा चालू ठेवला आणि मे २००६ पासून ती परत आली. आमचं मत विचाराल तर, मिठागरवाल्याला आयोडीन मिसळायला मदत करणं हे सरकारचं काम होतं. त्याऐवजी मुलांचा मेंदू पणाला लावणं हा काही त्यावरचा उपाय नव्हता.

एक गैरसमज इथेच काढू. समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन आलंच, असं कोकणातल्या बायकाही म्हणतात. आयोडीन समुद्रात असतं, मासळीत आणि शेवाळात असतं, पण मिठागरात मीठ बनताना त्यात जवळजवळ काहीच उरत नाही. खडे मिठात आयोडीन मुद्दाम घातलेलं असेल तरी ते खड्याच्या वरच राहतं. ते मीठ धुऊन वापरलं की आयोडीन मोरीत गेलं.

आता थेंबांचा हिशेब करू. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. आपल्या हातात येणाऱ्या मिठात एका ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असावं असा नियम आहे. दिवसाला १० ग्रॅम मीठ पोटात जातं असं धरलं की १५० झाले. बाजारात मिळणारं लुगोलचं द्रावण १८२९ सालचं आहे, पॅरिसच्या डॉक्टर लुगोल यांचं. त्याच्या ५ टक्के ताकदीच्या एका थेंबात सुमारे ६,००० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. एक थेंब म्हणजे चाळीस दिवसांची गरज. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ते मोजके दिवस देतात, तो भाग वेगळा.

आणि आज आपल्यातल्या बहुतेक जणींचा थायरॉईड आयोडीन कमी पडून बिघडलेला नाही. १९१२ साली हाशिमोतो या तरुण जपानी डॉक्टरने एका वेगळ्याच रोगाचं वर्णन छापलं. त्यात चार रोगी होते, चारही बायका. या रोगात शरीराची राखण करणारी शक्ती चुकून आपल्याच ग्रंथीवर उलटते. अशा ग्रंथीवर जास्तीचं आयोडीन ओतलं तर ती आणखी मंदावू शकते. काहींची उलट भडकते, आणि जिनिव्हाची ती धडधड परत येते. हाशिमोतोच्या रोगात उपाय एकच, ग्रंथी जे बनवत नाही ते हार्मोन बाहेरून द्यायचं. तीच ती सकाळची गोळी. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा नंतर. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. दिवस राहिले तर ती बंद करायची नाही, उलट लगेच रक्त तपासून घ्यायचं, कारण बहुधा मात्रा वाढवावी लागते.

ते हार्मोन पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं एडवर्ड केंडल यांनी, १९१४ च्या नाताळच्या दिवशी. याच केंडलनी पुढे ॲड्रिनल ग्रंथीतलं कॉर्टिसोन वेगळं काढलं आणि १९५० चं नोबेल त्यांना दोघा सोबत्यांबरोबर मिळालं. ॲड्रिनल म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथी. त्या खरोखर निकामी होतात तो आजार लंडनच्या डॉक्टर ॲडिसन यांनी १८५५ साली सांगितला. वजन उतरतं, चक्कर येते, कातडी आणि हिरड्या काळवंडतात, आणि मीठ खावंसं वाटतं, नुसतं मीठ. क्षयरोग हे त्याचं एक जुनं कारण आहे, म्हणून ज्यांना टीबी होऊन गेला त्यांनी ही लक्षणं अंगावर काढू नयेत. असा रोग असताना आधी नुसती थायरॉईडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून कोणता इलाज आधी, हे डॉक्टर रक्त तपासून ठरवतात.

‘दमलेली ॲड्रिनल’ नावाचा आजार मात्र हार्मोनचे तज्ज्ञ मानत नाहीत. बाईचा थकवा खोटा असतो असं आम्ही म्हणत नाही, तो पुष्कळदा रक्त कमी असल्याचा किंवा झोप न मिळाल्याचा असतो. २०१८ साली अमेरिकेत अशा १२ पावडरी-गोळ्यांची तपासणी छापून आली. सगळ्यांत थायरॉईडचं हार्मोन सापडलं आणि निम्म्याहून जास्तींत स्टेरॉइड. डब्यावर त्याचा उल्लेख नव्हता. आपल्याकडे गुडघेदुखीसाठी ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांतही स्टेरॉइड निघतं. महिनोन्‌महिने ते खाल्लं की ॲड्रिनल स्वतःचं काम सोडून देते. अशी पुडी घेत असाल तर ती एका दिवसात बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

राहिला उपवासाच्या मिठाचा प्रश्न, तो बैठकीत दर वेळी निघतो. शेंदेलोणात आयोडीन जवळजवळ नसतंच, पुडीवर घातल्याचं लिहिलं असेल तरच ते पुरेसं असतं. ग्रंथीत काही आठवड्यांचा साठा असतो, तेव्हा एकादशीने किंवा नऊ दिवसांच्या नवरात्राने काही बिघडत नाही. पण शुद्ध म्हणून घरात बारा महिने शेंदेलोणच वापरायला लागलेल्या सुना आम्हाला भेटतात, आणि त्यांतल्या काही गरोदर असतात. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचं असेल तर जरूर करा, मात्र जे खाल ते सूर्याच्या पुडीतलं खा. बरणी चुलीपासून लांब ठेवा, झाकण घट्ट लावा. आणि आशाताईंकडे तपासणीची बाटली असेल तर चिमूटभर मिठावर एक थेंब टाकून घ्या, आयोडीन असेल तर मीठ तिथल्या तिथे जांभळं होतं.